टाकी भरल्याचा ठोका

“हात मागे घे आधी! मोटरचा पट्टा बघत नाही कोणाचा हात आहे ते.”

मुलाने झटक्यात हात मागे घेतला आणि उगाचच हसला. मोटर सुरू होती. पंपघर एवढंसं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातच थांबावं. ग्रीसचा डबा, चिंध्यांचं बोचकं, खिळ्याला टांगलेला मोठा पाना आणि कोपऱ्यात एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली फरशीचा तुकडा. त्या स्टुलावर आईने इतकी वर्षं काढली आणि आता तिथे आपण बसायचं, हे मुलाला अजून पटत नव्हतं. तो बसतच नव्हता. दाराशी जायचा, समोरच्या गच्च्यांवरून नजर फिरवायचा, परत यायचा. मधूनच उजवा हात खांद्याकडे जायचा. बंदुकीचा पट्टा तिथे नाही हे हाताला कळायचं आणि मग तो मान खाजवायचा.

“बस ना रे. तुझ्या येरझाऱ्यांनी मला गरगरायला लागलं.”

“बसून काय करू?”

“काही नाही. बसायचंच काम आहे हे. बसायचं आणि कान द्यायचा.”

“कशाला?”

पंपवालीने उजव्या हाताने ग्रीसच्या डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. तिचा डावा तळहात मघापासून जाड पाइपावर टेकलेला होता. एखादं तापलेलं पोर निजलं की त्याच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

आणि मग ते आलं. टक्, टक्, टक्. मोटरच्या घरघरीखालून, कानापेक्षा हातालाच जास्त कळेल असं.

तिने चाक फिरवून झडप बंद केली, मोटर थांबवली. पंपघर एकदम गप्प झालं.

“काय वाजलं?” मुलगा पाइपाकडे बघत होता.

“पाइप जुना झालाय. वाजतो.”

“आणि तू बंद का केलंस?”

“टाकी भरली असेल आता. अंदाज येतो सवयीने.”

मुलाने मान हलवली. पंपवालीने चिंधीला हात पुसले. हात स्वच्छ झाले तरी ती पुसतच राहिली. सांगायला हवं, हे तिला कळत होतं. आज नाही तर उद्या. उद्यापासून तर इथे तो एकटाच असणार होता.

सांगणं सोपं असतं तर तिने कधीच सांगितलं असतं.

गावाच्या मधून नदी जात होती. विहीर आणि मोटर नदीच्या अलीकडे. टाकी पलीकडच्या टेकडीवर. पाणी इथून चढायचं आणि टाकीतून दोन्हीकडच्या नळांना उतरायचं. ज्याने कोणी हे बांधलं त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की पुढे अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठतील. लढाई लागली आणि पूल पडला, शाळा बंद झाली, बाजार उठला. नदीच्या तळातून गेलेला पाइप तेवढा राहिला. मोटरवाले म्हणायचे, आम्ही पाणी तोडू. टाकीवाले म्हणायचे, तोडा, मग तुम्ही तरी काय प्याल? म्हणून कोणीच तोडलं नाही.

पंप तिचा नवरा चालवायचा. एक दिवस विहिरीवर वाकलेला असताना पलीकडून गोळी आली. त्यानंतर त्या पंपघरात पाऊल टाकायला एकही पुरुष तयार होईना. सगळ्यांना बंदूक धरायची होती, पाना नको होता. शेवटी ती गेली. कोणी पाठवलं नाही, कोणी अडवलंही नाही. घरात पाणी नव्हतं म्हणून गेली, एवढंच.

सुरुवातीच्याच दिवसांत एकदा तो ठोका आला. तिला वाटलं, पलीकडचे पाइप फोडताहेत. ती खाली बसून कानांवर हात धरून राहिली. ठोके थांबेनात. मग घाबरून तिने मोटर बंद केली, तर ठोके थांबले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला: टाकी भरली की कोणीतरी सांगतंय. तिने पाना घेतला आणि हळूच एक ठोका दिला. बऱ्याच वेळाने एक आला. बारीक, जपून दिलेला. त्या ठोक्यावरून तिला का कोण जाणे, पण कळलं, की ही बाई आहे.

पुढे त्यांची बोली ठरत गेली. एक ठोका म्हणजे सुरू करते. तीन म्हणजे भरली, बंद कर. आणि घाईघाईने, एकामागून एक, म्हणजे आज बायकांना नळावर पाठवू नका, आमची माणसं गच्चीवर चढली आहेत. हा अर्थ तिला पहिल्यांदा गोळ्या सुटल्यावर कळला. असे ठोके आले की पंपवाली दारात येऊन ओरडायची, “मोटर जळाली गं! जा घरी!” बायका शिव्या घालत घरी जायच्या. पलीकडेही काहीतरी असंच होत असणार. आणि कधी दुपारी, काही कारण नसताना, एकच ठोका यायचा. ती एक परत द्यायची. त्याचा अर्थ फक्त, आहे.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. वरच्या आळीतल्या न्हाव्याने आरसा दुकानाच्या दारात लावला होता. उन्हाचा कवडसा पलीकडच्या काठावर पडायचा. हा शत्रूला खुणा करतो, असं कोणीतरी म्हणालं. न्हाव्याचं दुकान अजून बंद आहे. ज्यांनी त्याला दुकानातून ओढून नेलं, त्यांच्यात आपला मुलगा नव्हता, असं पंपवाली धरून चालली होती. तिने कधी विचारलं नाही.

आता लढाई थांबली होती. निदान थांबली असं म्हणायचं ठरलं होतं. ज्यांनी बंदुका खाली ठेवल्या त्यांना कामं द्यायची होती, नाहीतर ते परत डोंगरात जातील अशी सगळ्यांना भीती. गावात कामं होती किती? त्यातलं एक पंपाचं.

“मावशी, तुम्ही तात्पुरत्या होतात,” पाणीखात्याचा कारकून तिला म्हणाला होता.

“एवढी वर्षं तात्पुरती?”

“लढाईपण तात्पुरतीच होती ना, मावशी.” तो गोड माणूस होता. “आणि दुसऱ्या कोणाला देतोय का? तुमच्याच मुलाला देतोय. घरातलं घरातच राहिलं.”

मुलाचे दोन सोबती काम मिळालं नाही म्हणून महिन्याभरात दिसेनासे झाले होते. मुलगा रात्री बसून राहायचा, दिवसा उभा. त्याला काहीतरी हाताला हवं होतं. तिने किल्ली दिली.

*

दुपारी शाळेत बैठक होती. दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एका खोलीत. समेट घडवायला बाहेरून आलेल्या मॅडमनी अट घातली होती, की बायका हव्यात. म्हणून मागे एका भिंतीला चार खुर्च्या आणि समोरच्या भिंतीला चार. पंपवालीला निरोप आला तो असा: “काकू, तुम्ही याच. आणि येताना चहाचं भांडं आणा.”

पुढे लांब टेबलाशी पुरुष बसले. अलीकडच्यांचे पुढारी, ज्यांना सगळे ‘मोठे’ म्हणायचे, ते बोलत होते. पलीकडचा एक पांढऱ्या दाढीचा मनुष्य त्यांच्याकडे न बघता ऐकत होता. पूल कोणी बांधायचा, बंदुका कुठे ठेवायच्या, आधी माफी कोणी मागायची. बोलणं पुढे सरकत नव्हतं. खोलीत उकडत होतं. पंपवालीला खुर्चीत बसवेना. ती समोरच्या भिंतीजवळच्या चार बायका न्याहाळत होती. एक तरणी, नखं कुरतडणारी. एक काळ्या कपड्यातली, मान खाली. एक डुलक्या काढणारी. आणि एक चांगली आडव्या अंगाची, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, पाय हलवत बसलेली.

यातली कोणी असेल? का कोणीच नाही?

चहा झाला होता. पंपवालीच्या हातात रिकामा स्टीलचा पेला होता. तिने तो खुर्चीच्या लोखंडी दांडीवर टेकवला. टक्.

टेबलाशी बसलेलं कोणी वळलं नाही. त्या आडव्या अंगाच्या बाईचा हलणारा पाय थांबला. तिने चष्मा वर केला. मग स्वतःचा पेला उचलला आणि खुर्चीच्या पायावर, बारीक, जपून: टक्.

पंपवाली पेला घेऊन उठली.

दोघींनी पेले गोळा केले. पेले विसळायला बायका उठल्या तर कोण विचारतं? शाळेच्या मागे एक हौद होता. तिथे त्या शेजारीशेजारी वाकल्या.

“अगं बाई,” पलीकडची म्हणाली, “मी तुला चांगली धिप्पाड समजत होते. केवढ्याने हाणतेस!”

“आणि मी तुम्हाला काडीपैलवान समजत होते. एवढासा ठोका!”

“जपून मारते गं. खाली दिराचं घर आहे. त्याला सांगून ठेवलंय, टाकीत कावळे चोची मारतात.”

दोघी हसल्या, आणि हसू लगेच आवरलं. पलीकडचीने मागे वळून बघितलं.

“मध्ये एकदा तुझा ठोका नव्हता. बरेच दिवस.”

“आजारी होते. जाऊ बसली होती मोटरवर. तिला ठाऊक नाही.”

“मी समजले, गेलीस. दोन दिवस घास उतरला नाही. आणि रडायचं कोणासाठी, ते सांगताही येईना.” तिने पेला उगाचच दुसऱ्यांदा विसळला. “तुझ्या जागी कोण बसवलाय?”

“मुलगा. तुमच्याकडे?”

“पुतण्या. दिराचाच. बंदूक ठेवली, किल्ली घेतली. काकी, आता आराम कर म्हणाला.”

“सांगितलंत त्याला?”

“जीव नकोसा झालाय का मला? तू सांगितलंस?”

पंपवालीने नकारार्थी मान हलवली. “त्याचा बाप तुमच्याकडच्या गोळीने गेला.”

पलीकडचीने पेला उपडा ठेवला. मग म्हणाली, “माझे दोन गेले. कोणाच्या गोळीने ते नको बोलूया.” आणि थोड्या वेळाने: “उद्या टाकी भरली की कोण सांगणार गं?”

“ठरल्या वेळेला मोटर बंद करायला घड्याळ लावणार आहेत म्हणे.”

“वीज कधी येते, कधी जाते. घड्याळ काय करणार?”

आतून हाक आली. दोघी निरनिराळ्या दारांनी आत गेल्या.

बैठक संपताना मॅडम उभ्या राहिल्या आणि मागे बघून म्हणाल्या, “बायकांना काही सांगायचंय का?”

“त्यांच्या वतीने मीच सांगतो,” मोठे म्हणाले. “आमच्या आयाबहिणींना शांतता हवी आहे.”

“त्यांनाच बोलू द्या ना,” मॅडम म्हणाल्या.

पंपवाली उठली. सगळे वळले. मुलगा दाराशी उभा होता, तोही बघत होता. तिच्या मनात वाक्य तयार होतं: पाइपाच्या दोन्ही टोकांना आम्ही होतो, आम्हालाच राहू द्या. पुढचा प्रश्न तिला आधीच ऐकू आला: का? तुम्ही दोघींनी असं काय केलं? समोरच्या भिंतीजवळ चष्मा तिच्याकडे लागला होता. न्हाव्याचा आरसा तिच्या डोळ्यांपुढे चमकला.

“पाणी वेळेवर यावं,” ती म्हणाली.

“बरोबर बोलल्या!” मोठे म्हणाले. टाळ्या पडल्या. ती बसली. तिचे कान तापले होते.

*

दुसऱ्या दिवशी मुलाला हार घातला, त्याने बटण दाबलं आणि माणसं पांगली. पंपवाली हंडा घेऊन नळाच्या रांगेत उभी राहिली. रांगेत कसं उभं राहायचं हे तिला माहीतच नव्हतं. तिचं पाणी नेहमी पंपघरातूनच घरी जायचं. ती कधी पुढच्या बाईला खेटायची, कधी मध्ये एवढं अंतर सोडायची, की कोणीतरी घुसायचं.

“नवीन दिसतेस गं,” तिच्या मागे उभी असलेली शेजारीण, आळीतली शिंपीण, म्हणाली. “मुलाला नोकरी लागली की सासू व्हायचं, हंडे नाही वाहायचे.”

“आधी सून तर मिळू दे.”

“मिळेल की. सरकारी पाना आहे हातात!”

बायका हसल्या. पंपवालीचं लक्ष नव्हतं. ती नळाच्या उभ्या पाइपाशी पोचली होती आणि तिचा तळहात आपोआप त्याच्यावर गेला होता. टाकी लोखंडी, सगळे पाइप तिच्याच पोटातून निघालेले. इथे फार अंधूक लागायचं, पण लागायचं.

टक्, टक्, टक्.

भरली. ती आली होती तर टाकीवर! काय सांगून आली असेल पुतण्याला? पंपवालीने पंपघराकडे बघितलं. मोटरची घरघर चालूच होती. टाकी वाहिली की पाणी पलीकडच्या उतारावरच्या आळीत शिरायचं, घराघरांत.

परत तीन. जरा जोरात.

“हंडा लाव ना पुढे,” शिंपीण म्हणाली. “झोपलीस का?”

आणि मग ते सुरू झालं. एकामागून एक, घाईघाईने, न थांबता. आमची माणसं गच्चीवर चढली.

पंपवालीने हंडा तिथेच टाकला.

“बायांनो, घरी जा! मोटर जळाली!”

“कुठे जळाली? चालू तर आहे!”

“घरी जा म्हणते ना!” आणि ती पळाली. तिच्या गुडघ्यांना पळायची सवय राहिली नव्हती.

पंपघरात मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता. हातात पाना, दंडुक्यासारखा धरलेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाइप थाडथाड वाजत होता.

“आई, मागे हो. पाइप फोडताहेत. पहिल्याच दिवशी! मी पोरांना बोलावतो. सगळ्या बंदुका काही जमा नाही केलेल्या आम्ही.”

तिने त्याला बाजूला सारलं, झडप फिरवली, मोटर बंद केली. ठोके थांबले.

म्हणजे गच्चीवर कोणी चढलं नव्हतं. “फोडत नाहीत,” ती धापा टाकत म्हणाली. “टाकी भरून वाहतेय. ती सांगतेय.”

“ती कोण?”

“टाकीवरची बाई.”

बाहेर बायकांचा गलका होता. आता थांबायचं नाही, हे पंपवालीला कळलं. थांबली तर परत कधीच जमणार नाही.

“टाकी भरली की ती सांगते. तुझा बाप गेल्यावर मी इथे आले, तेव्हापासून. आणि त्यांची माणसं गच्च्यांवर चढली की तेही सांगते. मग मी इकडच्या बायकांना घरी पाठवते.”

“आणि आमची चढली की?”

“मी तिला सांगायचे.”

त्याच्या हातातला पाना हलला. ती जागची हलली नाही. त्याने पाना उचलला असता तरी ती हलली नसती.

“मी तिकडे जीव धोक्यात घालत होतो,” तो म्हणाला, “आणि तू इथे बसून त्यांना...”

“हो.”

“बाबांना मारलं त्यांनी.”

“तिने नाही मारलं.”

तो दाराशी गेला, परत आला, परत गेला. मग पाठमोराच उभा राहिला. बोलला तेव्हा आवाज खाली होता.

“नदीकाठच्या गिरणीच्या छतावर मी पडून होतो एकदा. थंडीचे दिवस. त्यांचा नळ समोर दिसायचा. मोठ्यांचा हुकूम होता, रांग लागली की सुरू करायचं. बायका असल्या तरी. अख्खी सकाळ पडून होतो. कोणीच आलं नाही. एक कुत्रं तेवढं आलं.”

“तिकडेही मोटर जळाली होती त्या दिवशी,” पंपवाली म्हणाली.

“तूच?”

“गिरणीवर तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं. शिडी नेताना पोरं दिसली, एवढंच.”

तो त्या आखूड पायाच्या स्टुलावर बसला. पहिल्यांदाच. फरशीचा तुकडा सरकला आणि स्टूल कलंडलं, तसा तो तोल सावरत बसून राहिला. दोन्ही हात गुडघ्यांवर.

“कोणी आलं असतं ना,” तो म्हणाला, “तर मी झाडल्या असत्या.”

ती त्याच्याजवळ गेली, पण त्याला हात लावला नाही. वाकून फरशीचा तुकडा परत पायाखाली सरकवला.

टक्.

एकच. बारीक. दोघांनी पाइपाकडे बघितलं.

“हे काय?” मुलगा म्हणाला.

“विचारतेय. आहे का कोणी.”

“मग?”

“मग उत्तर द्यावं लागतं.”

तिने हात पुढे केला नाही. पाना त्याच्याकडे होता. तो कितीतरी वेळ त्या पान्याकडे बघत होता. बाहेर शिंपीण कोणाला तरी सांगत होती, की पोराचा पायगुणच वाईट. शेवटी तो उठला आणि पाइपावर घण मारावा तसा एक ठोका हाणला. खिळ्यावरची चिंधी खाली पडली.

“अरे हळू! घाबरेल ती,” पंपवाली म्हणाली. “काय म्हणेल, हिला एका दिवसात एवढं बळ कुठून आलं?”

दोघे थांबले. पलीकडून काही येईना. मुलाने तिच्याकडे बघितलं, लहानपणी चूक झाली की बघायचा तसं. मग आला. टक्.

पंपवाली बाहेर आली. नळावर कोणी नव्हतं. बायका चिडून गेल्या होत्या. तिचा हंडा मात्र काठोकाठ भरून बाजूला ठेवलेला होता, वर शिंपिणीचं झाकण.

*

पलीकडच्या आळीत पाणी शिरलं त्यावरून चार दिवस भांडण चाललं. मग मोठ्यांनी आणि त्या पांढऱ्या दाढीवाल्याने घड्याळाला दोष दिला आणि ते मिटलं. पुलाचे खांब उभे राहायला लागले.

पंपवाली दुपारी घरी असायची. झाडलेलंच परत झाडायची. घर आळीच्या टोकाला, तिथवर पाइप नव्हता. मुलगा संध्याकाळी यायचा, जेवायचा, मोटरचं बोलायचा. ठोक्यांचं बोलायचा नाही, तीही विचारायची नाही. झोप लागते का, एवढंच विचारायची. “लागते मधूनमधून,” तो म्हणायचा.

एक दिवस दुपारी तिला राहवलं नाही. हंडा न घेताच ती नळावर गेली. ऊन होतं, रांग नव्हती. कोणी बघत नाही असं पाहून तिने उभ्या पाइपावर तळहात टेकवला आणि नळ दुरुस्त करत असल्यासारखी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने ठोका आला. एकच.

तो बारीक नव्हता. धसमुसळा, पुरुषी. पुतण्याचा हात. तिनेही सांगितलं होतं तर.

पंपवालीची बोटं आपोआप मिटली, पाना धरल्यासारखी. तेवढ्यात अलीकडून उत्तर गेलं. तेही तसंच, जड. पण पहिल्या दिवसाएवढं नाही; थोडं आवरलेलं.

तिने हात काढला. तळहाताला पाइपाचा गंज लागला होता. तिने नळ जरासा सोडला, हात धुतला, नळ घट्ट बंद केला आणि थेंब गळत नाही ना, हे वाकून बघून घराकडे निघाली.